न सुकणारा उन्हाळा

सुरतेत उन्हाळा आला हे मला उन्हावरून कळत नाही, दोरीवरच्या कपड्यांवरून कळतं. सकाळी धुऊन टाकलेल्या सुनीलच्या शर्टाला दुपारी हात लावून पाहावा, तर कॉलरमध्ये, शिवणीत ओल तशीच असते. ऊन मात्र डोळे दिपवणारं. भेस्तानच्या आमच्या गल्लीतल्या गच्च्या पांढऱ्याफटक पडलेल्या असतात, कुत्री टाकीच्या सावलीत सरकलेली असतात, आणि तरी शर्ट ओला. डब्यातलं मीठ पाणी सोडतं. आगपेटीची काडी ओढली की गुलाचा नुसता भुगा होतो. मग मी समजते, समुद्राकडचं वारं चालू झालं. आता पाऊस पडेपर्यंत इथलं काही धड सुकायचं नाही.

यंदाही तसंच झालं. चैत्र संपत आला होता. ओला शर्ट हातात धरून मी गच्चीवर उभी राहिले आणि खाली उतरायचं विसरले. पूर्वा, माझी मुलगी, शोधत वर आली. आता ती तेरा वर्षांची आहे. माझ्याकडे बघून तिनं शर्ट माझ्या हातातून घेतला, दोरीवर उलटा करून टाकला आणि म्हणाली, "मम्मी, चल ना नीचे." उन्हाळ्यात मी अशी कुठंही थांबते, हे तिला माहीत झालं आहे. कशामुळे, हेही माहीत आहे. म्हणून ती विचारत नाही.

किशोर माझा दीर. सुनीलचा धाकटा भाऊ. माझं लग्न झालं तेव्हा तो दहावीत होता, आणि बारावी झाल्यावर शिंदखेड्याकडच्या आमच्या गावाहून एक पिशवी घेऊन आमच्याकडे सुरतेला आला. एका खोलीत आम्ही चौघं राहायचो. घरात तो अहिराणी बोलायचा, कारखान्यात हिंदी, पानाच्या टपरीवर गुजराती, आणि माझ्याशी पुस्तकातली मराठी, चिडवायला. "वहिनीसाहेब, जेवण तयार आहे काय?" असं तो इतक्या गंभीरपणे म्हणायचा की मला पोळी लाटता लाटता हसू यायचं.

मी नंदुरबारची. बारावी सायन्स केलं, पुढं शिकायचं राहिलं. इथं आल्यावर गल्लीतल्या मुलांच्या शिकवण्या घ्यायला लागले. कुणी गुजराती शाळेत, कुणी हिंदी, दोघंतिघं मराठी शाळेत. गणिताची वही उघडली की सगळे जांभया द्यायचे, पण पृथ्वीचा धडा आला की गलका व्हायचा. "टीचर, दरियो खारो केम छे?" "आसमान नीला क्यों दिखता है?" "टीचर, वारा कुठून सुटतो, त्याला ढकलतं कोण?" मला हे प्रश्न आवडायचे. नद्या डोंगरातून येताना दगडांतलं मीठ थोडं थोडं विरघळवून आणतात, समुद्रातून पाणी वाफ होऊन वर जातं आणि मीठ तिथंच राहतं, असं मी सांगायचे. सांगताना मला वाटायचं की आपण या चार भिंतींच्या खोलीतून मुलांना फार मोठं काहीतरी दाखवतो आहोत. तेव्हा खरंच तसं वाटायचं.

किशोर वॉटरजेटवर होता. म्हणजे पाण्यावर चालणारे माग. साध्या मागात धोटा धागा घेऊन पळतो, इथं पाण्याची बारीक पिचकारी धागा घेऊन पळते. शेडमध्ये सगळीकडे तुषार. फरशी कायम ओली, पायांत रबरी चपला, बोटांमधली कातडी पांढरी पडून सोललेली. सुनील साध्या मागावर होता, त्याच्या अंगावर कायम कापसासारखी भुरी. गल्लीतले लोक किशोरला म्हणायचे, "तुझं बरं आहे रे, एसीत बसल्यासारखं." तोही हसून म्हणायचा, "हो ना, उन्हाळ्यात पाण्याखाली राहतो मी, म्हशीगत." आम्हालाही तेच वाटायचं. जिथं इतकं पाणी उडतं तिथं गारच असणार. दुसरं काही कुणाला सुचलंच नाही.

त्या वर्षी त्याचं लग्न ठरलं. मुलगी शिरपूरकडची. आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, झाली की पुढच्या आठवड्यातली तारीख. सुट्टी जास्त मिळावी म्हणून तो दुसऱ्याच्या पाळ्याही करत होता. एकाची पाळी भरून दिली की तो नंतर याची भरणार, असा त्यांचा आपसातला हिशेब.

माय, म्हणजे माझी सासू, लग्नाची तयारी करायला गावाहून आली. येताना गव्हाचं पोतं घेऊन आली. "कुरडया इथंच करू," म्हणाली, "तेवढीच तुझी मदत होईल." गावाला टँकरच्या पाण्यावर दिवस चालले होते आणि कुरडईला पाणी फार लागतं, हे खरं कारण. ते ती बोलली नाही.

गहू भिजत घातले. दोन-तीन दिवसांत खोलीभर आंबूस वास झाला. वाटून, गाळून, सत्त्व खाली बसवून पहाटेच मोठ्या पातेल्यात चीक शिजवायला घेतला. काठी फिरवताना मायच्या दंडाच्या शिरा टरारून यायच्या. किशोर पाळीवर जायच्या आधी पातेल्याजवळ उकिडवा बसायचा. वाटीत गरम चीक, त्यावर तेल आणि तिखट. फुंकर मारत, जीभ भाजून घेत खायचा. "माय, कुरडया थोड्या कमी झाल्या तर लग्न मोडत नाही ना?" माय त्याला काठी दाखवायची.

मग गच्चीवर जुनी साडी अंथरून सोऱ्यानं कुरडया घालायच्या. गोल गोल, पांढऱ्या, चमकदार. गावाला सकाळी घातलेली कुरडई संध्याकाळी कडक होते. साडीवरून उचलली की टक्‌ असा आवाज येतो. इथं पहिल्या दिवशी संध्याकाळी माय वर गेली आणि कुरडई बोटाला चिकटली. दुसऱ्या दिवशीही मऊ. वरून कुठल्यातरी मिलच्या धुराड्यातून काळी कणी पडलेली. माय नखानं एकेक कणी वेचत बसली. उन्हाकडे बघायची, कुरडईकडे बघायची. "ऊन तर आहे ना गं?" मला विचारायची. "मग?"

पूर्वा तेव्हा सात-आठ वर्षांची. तिनं विचारलं, "मम्मी, सुकतं म्हणजे पाणी कुठं जातं?"

"हवेत."

"मग इथं का जात नाही?"

मी तिला दोन वाट्या घेऊन समजावलं. एक रिकामी, एक काठोकाठ भरलेली. आजीच्या गावची हवा रिकाम्या वाटीसारखी, कितीही ओता. इथं समुद्र जवळ. समुद्राची वाफ आधीच हवेत शिरून बसलेली. भरलेल्या वाटीत आणखी कसं मावणार? पूर्वाने भरल्या वाटीत चमचाभर पाणी ओतून पाहिलं, ते सांडलं, आणि ती खूश होऊन टाळ्या वाजवत किशोरला दाखवायला पळाली. तो दाढी करत होता. "अरे वा," म्हणाला, "म्हणून माझा बनियन सुकत नाही होय!"

आखाजी झाली. माय, मी आणि शेजारच्या दोघी अमळनेरकडच्या बाया, आम्ही खापरावरचे मांडे केले, आमरस केला. झोक्याला झाड नव्हतं, तर किशोरने जिन्याच्या गजाला साडी बांधून पूर्वाला झोका करून दिला. अहिराणी गाणी म्हणत त्यानं झोके दिले, बायकांची गाणी, बायकी आवाज काढून. शेजारणी तोंडाला पदर लावून हसत होत्या. मायही हसली. माझ्या आठवणीत मायचं ते हसणं तिच्या वरच्या तुटक्या दातासकट आहे.

त्या दिवसांत एक गोष्ट मी रोज बघत होते. किशोर पाळीवरून आला की पाणी प्यायचा, तांब्यावर तांबे. आंघोळ करून बाहेर आला की दोन मिनिटांत पुन्हा चिंब. "वहिनी, टॉवेलच ओला आहे की मी?" म्हणायचा. पण त्या गल्लीत त्या दिवसांत प्रत्येकजण तसाच चिंब होता. सुनील तसाच, मी तशीच. कुणाकडे वेगळं बघावं असं काही नव्हतं.

तो दिवस इतर दिवसांसारखाच होता. ऊनसुद्धा थोडं मलूल, आभाळात पांढुरका पडदा, वारा पडलेला. मी आणि माय गच्चीवर कुरडया उलटत होतो. दुपार कलत होती. फोन आला. किशोरच्या शेडमधला एक ओडिया मुलगा त्याचा दोस्त होता, तो बोलत होता. मागून मागांचा आवाज एवढा की मला दोनच शब्द कळले, "किशोर" आणि "गिर गया".

नंतर त्यानंच आम्हाला सगळं सांगितलं. दुपारी किशोर काहीतरी असंबद्ध बोलायला लागला. मागाशी उभा राहून "माय, झोका दे," असं म्हणाला. सगळे हसले, त्यांना मस्करी वाटली. मग तो भिंतीला टेकून बसला आणि बसल्या बसल्या आडवा झाला. त्याला बाहेर आणून पत्र्याच्या सावलीत ठेवलं. अंगावर बादलीभर पाणी टाकलं. "भाभी," तो मुलगा म्हणाला, "पूरा गीला था और तवे जैसा गरम था. पानी डालते थे, पानी गरम हो जाता था." रिक्षात घालून दवाखान्यात नेलं. सुनील आपल्या कारखान्यातून परस्पर तिथं पोचला होता. मी पोचले तेव्हा तो व्हरांड्यात उभा होता, हाताला कापसाची भुरी तशीच. माझ्याकडे न बघता म्हणाला, "मायला आणलंस का?" त्याच्या आवाजावरून मला कळलं.

डॉक्टर म्हणाले, हृदय बंद पडलं. सव्वीस वर्षांचा होता.

कारखान्याचा शेठ दुसऱ्या दिवशी घरी आला. वाईट माणूस नव्हता. पाण्याच्या बाटल्यांचे खोके घेऊन आला, जमिनीवर बसला, मायसमोर हात जोडले. सुनीलनं विचारलं, "शेठ, आत हवा जायला एक पंखा तरी होता का?" शेठचा चेहरा उतरला. म्हणाला, "भाई, गरमी क्यां हती काले? पेपरमां जुओ, साडत्रीस ज हती." सदतीस. शेठ खोटं बोलत नव्हता. पेपरात सदतीसच होतं. सदतीसला कुणी मरत नाही, हे तिथं बसलेल्या सगळ्यांना मान्य होतं. सुनीललाही. त्याने मान खाली घातली.

फक्त मायला मान्य नव्हतं. रडणं थांबलं की ती एकच प्रश्न विचारायची. भेटायला येईल त्याला विचारायची. "तठे चव्वेचाळीसमा मना आंडोर जगना, आठे सदतीसमा कसा मरी गया?" गावाला चव्वेचाळीसमध्ये, डोक्यावर उपरणं बांधून, भरदुपारी कांदे काढलेला तिचा मुलगा इथं सदतीसमध्ये, सावलीत, पाण्याच्या तुषारात कसा मेला? लोक म्हणायचे, नशीब. म्हणायचे, कुणाची तरी नजर लागली, लग्नाचं पोरगं. शेजारणी म्हणायची, माय, देवाला आवडतात तेच जातात. माय ऐकून घ्यायची आणि पुन्हा तेच विचारायची. ती सांत्वन मागत नव्हती. तिला उत्तर हवं होतं.

तेरावं झाल्यावर मला आठवलं की गच्चीवरच्या कुरडया तशाच आहेत. आम्ही दोघी वर गेलो. साडीवर जागोजागी काळी बुरशी. मायने एक उचलली. मधून ती अजून मऊच होती.

"अजून नाही सुकल्या," ती म्हणाली.

मग मी तिला सांगितलं. का सांगितलं, मला माहीत नाही. इतके दिवस मनात तेच फिरत होतं आणि दुसऱ्या कुणाला ते नको होतं. मी म्हणाले, माय, घाम येतो तो अंग गार करायला. पण नुसता येऊन भागत नाही, तो सुकावा लागतो. सुकताना तो अंगातली उष्णता घेऊन जातो. गावाला घाम आला न आला तोवर सुकतो, म्हणून चव्वेचाळीसमध्ये माणूस तगतो. इथल्या हवेत पाणी आधीच मावेनासं झालेलं. त्यात शेडमध्ये मागांचं पाणी उडतं, दारं-खिडक्या बंद, मोटारी तापलेल्या. त्याचा घाम सुकलाच नाही. अंगातली आग अंगातच राहिली.

माय हातातल्या कुरडईकडे बघत होती.

"म्हणजे हवा भरेल व्हती?"

"हो."

"कोन भरस तिले?"

"समुद्र," मी म्हणाले. "दरिया."

माय कुरडई साडीवर ठेवून उठली आणि म्हणाली, "माले दखाड."

मायने समुद्र पाहिला नव्हता. सुरतेला तीन-चारदा आली होती, पण घर आणि दवाखाना आणि उधना स्टेशन, एवढंच. सुनील म्हणाला, सुतकातून उठल्या उठल्या फिरायला काय जायचं, लोक काय म्हणतील. ती म्हणाली, "फिरायला नाही जात." एका सकाळी मी आणि ती बस बदलत डुमसला गेलो.

तिथं नेहमीसारखी गर्दी होती. टोमॅटोच्या भज्यांचा वास, उंटावर बसवलेली रडकी पोरं, फोटो काढणारे. वाळू काळी. ओहोटी होती, पाणी लांब गेलं होतं. माय चपला हातात घेऊन चिखलातून थेट पाण्यापर्यंत चालत गेली. मी मागं. पाणी तिच्या पावलांना लागलं. ती उभी राहून समोर बघत राहिली. टोक कुठं दिसतंय का ते शोधत असावी.

"इतलं पानी!" ती म्हणाली.

तिच्या गावाला दोन हंड्यांसाठी बायका अर्धा दिवस उन्हात बसतात. त्या आवाजात राग असेल असं मला वाटलं होतं, पण राग नव्हता. ती नुसती थक्क झाली होती. तिनं वाकून ओंजळ भरली, जिभेला लावली आणि थुंकून टाकली.

"यातलं मीठबी वर जातं का?"

"नाही. फक्त पाणी जातं."

"गोडं?"

"गोडं."

तिनं मान हलवली. मग मला म्हणाली, "आठलं पानी वर जास, मंग आमना गावले काब येत नही?"

हे मला येत होतं. हवा वर चढावी लागते, गार व्हावी लागते, तरच तिच्यातलं पाणी खाली पडतं. पावसाळ्यातले ढगसुद्धा सह्याद्रीच्या अलीकडेच रिते होतात, पलीकडे आपल्या वाट्याला उरलंसुरलं. शिकवणीच्या मुलांना मी हे फळ्यावर डोंगर काढून, बाण काढून दाखवायचे. मायला मी काहीच दाखवलं नाही. ती पाण्याकडे पाठ करून वाळूवर बसली. मीही तिच्याशेजारी बसले. आम्हा दोघींच्या पाठीमागं तो सगळा समुद्र होता आणि समोर भज्यांच्या गाड्या. ती बसल्या बसल्या रडली, आवाज न करता, आणि तिच्या गालावरचं पाणीही त्या हवेत सुकलं नाही. मी पदरानं पुसलं.

परत आल्यावर तिनं तो प्रश्न पुन्हा कुणालाच विचारला नाही. मला वाटलं होतं, कारण कळलं की मन थोडं शांत होतं. तसं झालं नाही. आधी ती नशिबाशी भांडू शकत होती, नजरेशी, देवाशी. मी तिला हवा दिली. हवेशी कसं भांडायचं?

मी शिकवण्या घेते अजून. मुलं तेच प्रश्न विचारतात, दर वर्षी नवी मुलं, तेच प्रश्न. मी उत्तरं देते. बरोबर देते. पण पूर्वी उत्तर देताना छातीत एक उघडं दार असल्यासारखं वाटायचं, ते आता वाटत नाही. परवा एका मुलीनं विचारलं, "टीचर, समुद्र गरम होतोय म्हणतात, तर मग हवेत जास्त पाणी जाणार ना?" मी म्हणाले, "हो." "मग पाऊस जास्त पडेल?" "कधी जास्त, कधी मुळीच नाही." तिनं ते वहीत लिहून घेतलं. तिचा बाप वॉटरजेटवर आहे.

आता मोबाइलवर दोन आकडे दिसतात. एक खरं तापमान, आणि त्याच्याखाली, किती वाटतं ते. काल सदतीस होतं आणि खाली लिहिलं होतं, एकोणपन्नास. शेठला तेव्हा हा दुसरा आकडा दाखवता आला असता तर काय झालं असतं, असं मी स्वतःला विचारते. काही झालं नसतं.

किशोर गेल्यानंतरच्या पहिल्या आखाजीला आम्ही गावी गेलो. आखाजीला आमच्याकडे घरातल्या गेलेल्या माणसांच्या नावानं मातीची घागर भरून पुजतात, तिच्यावर छोटं मडकं, त्यावर खरबूज किंवा आंबा. सासऱ्यांची घागर दर वर्षी असायचीच. त्या वर्षी मायने दोन घागरी आणल्या. दुसरी भरताना तिनं कुणाला हात लावू दिला नाही. आईनं मुलाच्या नावाची घागर भरायची. गावातल्या म्हाताऱ्या बायका दारात आल्या होत्या, त्यांना बघवेना म्हणून त्या मागे सरल्या. घागर पाझरत होती. तिच्या लाल अंगावर पाण्याचे थेंब यायचे आणि बघता बघता नाहीसे व्हायचे. दुपारी सुनीलने तिला तळहात लावला आणि लावूनच बसला. "किती गार झालीय," तो म्हणाला, आणि उठून खळ्यामागं निघून गेला.

त्याच संध्याकाळी त्यानं मला सांगितलं, आपण परत जायचं नाही. आता माग नको. आपली दोन एकर आहे, विहीर आहे, माय एकटी आहे. मला आनंद झाला. खोटं कशाला बोलू, त्या वर्षभरात पहिल्यांदा मला काहीतरी हलकं वाटलं. पूर्वाचं नाव गावच्या शाळेत घातलं. भेस्तानची खोली सोडली. मृगात पाऊस बरा झाला, कपाशी लावली. सुनीलच्या अंगावरची भुरी गेली, चेहरा काळवंडला आणि भरला. पूर्वा शेळीच्या पिल्लामागं धावायची, घाम यायचा आणि कपाळावर मिठाची पांढरी रेघ ठेवून सुकून जायचा. मी ती रेघ बोटानं पुसायचे.

श्रावणानंतर पाऊस आलाच नाही. ढग यायचे, डोंगराकडे बघून जायचे. दिवाळीला विहिरीत दगड दिसायला लागले. सुनीलने बोअरची गाडी बोलावली. माणसांना वाटतं जमिनीखाली नदी वाहते, खोल गेलं की लागतेच. मुलंही मला तसंच विचारतात. पण आमच्याकडं खाली सगळा काळा पाषाण. त्यात पाणी असलं तर भेगांत असतं. भेग सापडली तर सापडली. दिवसभर मशीन गरगरत राहिलं आणि भोकातून पांढरी भुकटी वर येत राहिली. ढगासारखी. आमच्या केसांवर, पापण्यांवर, मायच्या काळ्या पोलक्यावर बसली. संध्याकाळी मशीनवाला इंजिन बंद करून म्हणाला, "भाऊ, धूळच आहे." नंतर शांतता झाली तेव्हा पूर्वा खोकत होती एवढंच ऐकू येत होतं.

संक्रांतीनंतर पुन्हा टँकर. कपाशी वाळली. सुनील रोज सकाळी शेतात जायचा आणि काही न करता परत यायचा. सुरतेला जायचं असं तो म्हणाला नाही, मी म्हणाले नाही. म्हणाली ती मायच. चुलीपुढं बसून, भाकरी थापता थापता, आमच्याकडे न बघता. "तुम्ही जा."

"माय, पुन्हा त्याच..." सुनील म्हणाला.

"आठे काय शे?" ती म्हणाली. "जाय बेटा. पोरीले जगाड."

तिला सगळं माहीत होतं. मीच सांगितलं होतं. तिकडची हवा काय करते, कशी करते, हे त्या अख्ख्या गावात फक्त तिला कळलेलं होतं. आणि ते कळून ती दुसऱ्या मुलाला तिकडे पाठवत होती.

दोंडाईच्याच्या स्टेशनवर ती आम्हाला पोचवायला आली. सकाळची वेळ, फलाटावर फार कुणी नव्हतं. "तूही चल," मी तिला पुन्हा एकदा म्हणाले. तिनं नुसती मान हलवली. तिच्या हातात पाण्याचा कॅन होता. टँकर आदल्या दिवशी येऊन गेला होता, आणि तिच्या वाट्याला जे आलं त्यातून तिनं तो भरला होता. सुनील म्हणाला, "माय, आम्हाला तिकडं दोन वेळा नळ आहे. हे तू ठेव."

"तठलं पानी खारं शे," ती म्हणाली, आणि कॅन त्याच्या हातात दिला.

गाडी आली. दोन मिनिटं थांबते ती. पूर्वा खिडकीशी बसली, मी सामान वर ठेवलं. सुनील दारात उभा होता, कॅन छातीशी धरून. माय फलाटावरून त्याच्याकडे बघत होती, आणि मग गाडी हलली तसं तिनं पदर डोक्यावर ओढून घेतला आणि आमच्याकडे पाठ केली. मला वाटलं ती वळेल. फलाट मागं पडेपर्यंत मी खिडकीतून बघत होते. ती वळली नाही. चपला सरळ करून ती फलाटाच्या दुसऱ्या टोकाकडे चालू लागली, घाईनं, घरी काहीतरी चुलीवर ठेवून आल्यासारखी.